पडकईतला एक हात

आमच्या रानातली पडकई संपली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लेक चुलीपाशी चहाला येऊन बसला आणि मला त्याचे डोळे वेगळे दिसले. खालच्या पापण्या फुगलेल्या, जड. रात्रभर रडलेल्या माणसाचे असतात तसे. तो काही रडणारा नाही. मी चहा गाळता गाळता म्हटलं, पाय बघू. तो म्हणाला, आई, आधी चहा तर दे. मी तसाच त्याचा पाय ओढला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. मळलेल्या पिठात बोट रुतवावं तसा.

आता नडगीवरच्या एका खड्ड्याचं एवढं काय, ते आधी सांगायला पाहिजे.

माझ्या लेकाच्या पोटात माझी किडनी आहे. त्याच्या दोन्ही किडन्या कशा गेल्या ते सांगत बसत नाही. ब्लडप्रेशर कधीचं वाढलेलं होतं आणि आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता, एवढंच. तेव्हा तो नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेणारी पिकअप चालवायचा. मग डायलिसिस, मग पुण्याच्या फेऱ्या, आणि मग माझी एक काढून त्याला बसवली. सून द्यायला तयार होती, पण तिचं जुळलं नाही, माझं जुळलं. जुळणारच. नऊ महिने त्याला पोटात ठेवलं होतं, आता माझा तुकडा त्यानं पोटात ठेवला, फिटंफाट.

नवी किडनी पाठीत बसवत नाहीत, बरं का. मलाही आधी माहीत नव्हतं. पुढच्या अंगाला, जांघेच्या वर बसवतात. हात ठेवला तर हाताला लागते. घरी आल्यावर कितीतरी दिवस मी त्याच्या त्या बाजूला हात ठेवून बसायची, आणि तो म्हणायचा, तुझीच हाय, पळून नाय जायाची.

पण खरी भीती तीच होती. पळून जायची नाही, पळवून लावायची. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं होतं, की शरीराला ही परकी वाटते आणि ते तिच्यावर उठतं. मी माझ्या पद्धतीनं समजून घेतलं. नवी गाय विकत आणून दावणीला बांधली की जुन्या गाया तिला शिंगं मारतात. मग आपण काय करतो, जुन्या गायांच्या गळ्यात लोढणं अडकवतो. रोजच्या रोज वेळेवर घ्यायच्या गोळ्या म्हणजे ते लोढणं. एक दिवस काढलं की मारामारी. आणि दुसरी गोष्ट अशी, की गळ्यात लोढणं असलेल्या गायीला बिबट्या आला तर त्याच्यावरही शिंग उगारता येत नाही. म्हणजे साधा ताप, साधा खोकला, उष्टं पाणी, सगळ्याला जपायचं. हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, मावशी, तुमची गाय आता मी बाकीच्या पेशंटना सांगणार.

घरी सोडताना आम्हा दोघांनाही सूचना दिल्या होत्या. त्याच्या पुष्कळ, माझ्या थोड्या. माझं सोपं होतं. पाणी भरपूर प्यायचं, बीपी बघायचं, आणि दुखण्याच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, कारण आता एकच उरली आहे आणि त्या गोळ्या किडनीला मारतात. त्याला हे सगळं होतंच, वर आणखी उकळलेलं पाणी, तोंडाला मास्क, धूळ नको, वजन नको, गर्दी नको. दोन वर्षं आम्ही ते पाळलं. तो पिकअप सोडून रस्त्याला झेरॉक्स आणि मोबाईल रिचार्जचं दुकान घालून बसला. क्रिएटिनिन म्हणून एक आकडा असतो, किडनी किती साफ करते ते त्यावरून कळतं. तो कमी असलेला चांगला. त्याचा दीडाच्या आत असायचा. मी देवाला नमस्कार केल्यासारखी त्या आकड्याला नमस्कार करायची.

आता पडकई. आमची घरं डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात. उताराची जमीन. उतारावर भात होत नाही, पाणी थांबत नाही. मग उतार खणून, दगडाचा बांध घालून, माती ओढून सपाट खाचर करावं लागतं. ते एका घरच्यानं होणारं काम नाही. म्हणून दहा-बारा घरं एकत्र येतात, पाऊस लागायच्या आधी. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. पैशाचा व्यवहार नाही. ज्याच्या रानात काम, त्यानं जेवण घालायचं, आणि ज्याच्या घरातून जेवढे हात आले तेवढे हात त्याच्या रानात परत जायचे. हाताला हात. यात कुणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांच्या ध्यानात असतं.

आमच्या घरातून त्याच्या आजारपणात कुणी गेलं नव्हतं. मालक तर आधीच गेलेले. सून गेली असती, पण ती दुकानही बघायची, मलाही बघायची. वरचा उताराचा तुकडा तसाच पडून होता. त्या वर्षी माझे धाकटे दीर, म्हणजे लेकाचे तात्या, घरी येऊन बसले आणि म्हणाले, यंदा तुमचा तुकडा काढायचा, सगळ्यांनी ठरवलंय. तात्या म्हणजे पडकईचे कारभारी. त्यांच्या बंडीच्या खिशात तंबाखू, चुन्याची डबी आणि कामाच्या माणसाला लागेल ते काय काय भरलेलं असायचं.

मला बरं वाटलं. लेकाचं मात्र तोंड उतरलं. नंतर मला म्हणाला, "आई, लोकं आपल्या रानात हात लावणार, आन म्या सावलीला बसून बघू का? ह्येंची फेड कोण करायची?" मी म्हटलं, सून करील, मी करीन. तो म्हणाला, तू एका किडनीची. मी म्हटलं, तू बी एकाच किडनीचा, ती बी जुनी. त्यावर तो हसला, आणि हसला म्हणून मला वाटलं विषय संपला.

ठरलं असं, की तो रानात जाईल पण बसून राहील. मास्क लावील. मी आणि सून घरी भाकऱ्या थापणार, हुलग्याचं कालवण करणार, दुपारी सून डोक्यावर घेऊन जाणार. तुकडा मोठा होता, काम बरेच दिवस चाललं. वैशाखाचं ऊन असं की दगडाला हात लावला तर चटका.

संध्याकाळी लोकं खाली यायची तेव्हा गमती सांगायची. माझ्या लेकाच्या मोबाईलला सकाळी दहाचा गजर लावलेला, त्या लोढण्याच्या गोळ्यांचा. तो वाजला की तात्या पहार खाली टाकायचे आणि ओरडायचे, साहेबाचा भोंगा झाला, बसा रं सगळी. मग सगळ्यांची तंबाखू आणि पाणी. म्हणजे माझ्या लेकाच्या गोळीवर अख्ख्या पडकईची सुट्टी चालायची. मला ऐकून एवढा अभिमान वाटायचा. गोळी चुकत नाही, वेळ चुकत नाही. मी सुनेला म्हणायची, बघ, सगळ्या गावाला त्याची वेळ पाठ झाली.

सून जेवण घेऊन जायची तेव्हा तो झाडाखाली बसलेला असायचा. ती यायच्या आधी आणि गेल्यानंतर तो काय करत होता, ते आम्हाला दिसत नव्हतं. घरी येऊन तो लवकर झोपायचा. मी विचारलं तर म्हणायचा, उन्हानं.

आणि मग ती सकाळ. पायातला खड्डा.

मी विचारलं, लघवी किती होती? दवाखान्यातून आणलेलं मापाचं भांडं न्हाणीत होतंच, पण दोन वर्षं सगळं चांगलं चाललं म्हणून मोजायचं आम्ही सोडलं होतं. तो म्हणाला, होती की. मी म्हटलं, होती न्हाई, किती? त्यानं पाय मागं ओढून घेतला. मग म्हणाला, कालपासनं कमीच हाय जरा, घामानं जाती सगळी. त्याच्या किडनीच्या बाजूला हात ठेवला तर त्यानं अंग चोरलं. दुखतंय? तर म्हणाला, थोडं, उसण भरली असंल. उसण भरायला तू उचललंस काय, असं मी विचारणार होते. पण मी विचारलं नाही, कारण सुनेनं तोवर बीपीचं मशीन आणलं होतं आणि त्यावरचा आकडा बघून ती त्याची फाईल काढायला धावली.

घोडेगावला रक्त दिलं. रिपोर्ट मोबाईलवर येतो. आमच्याकडे रेंज एका कोपऱ्यात येते, गोठ्याच्या मागं. दुपारभर आम्ही तिघं गोठ्याच्या मागं उभी. सून मोबाईल वर धरून. लेक म्हैस बांधायच्या खुंट्यावर बसलेला.  मग टिंग वाजलं. सुनेनं वाचलं आणि मोबाईल माझ्या हातात दिला. अक्षरं मी उशिरा शिकले, पण आकडे मला चांगले कळतात. तीनाच्या पुढं होता.

पुण्याला फोन लावला. तिथल्या बाईंनी एकच सांगितलं, आजच या, गोळ्या बरोबर आणा, जेवून निघायला थांबू नका.

गाडी तात्यांनीच आणली, कुणाची तरी मागून. मंचरपर्यंत त्यांनी आम्हाला हसवायचा प्रयत्न केला. म्हणाले, "वैनीची किडनी हाय ती, बंद कशी पडंल? वैनी कवा बोलायची बंद पडली का?" लेक हसला. मीही हसले असते, पण मी सारखी त्याच्या बोटांकडं बघत होते. अंगठी रुतली होती. पुढं चाकणच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा तात्या मान बाहेर काढून पुढची रांग बघायला लागले. एसी नव्हता, काचा उघड्या, आणि त्या धुरात मास्क लावून तो डोळे मिटून बसला होता. मी मनात एकच हिशोब करत होते. माझ्याकडे आता दुसरी द्यायला नाही. सुनेची जुळत नाही. ही गेली तर पुन्हा ते मशीन, ती नळी, आणि नाव नोंदवून कुणाच्या तरी मरणाची वाट बघणं. ही एकच आहे.

दवाखान्यात त्याला लगेच घेतलं. रक्त, सोनोग्राफी, लघवीची तपासणी. डॉक्टरीणबाई ओळखीच्याच होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि त्या कधी लपवून सांगत नाहीत म्हणून मला बरं वाटतं. त्या म्हणाल्या, आकडा चढायची कारणं चार-पाच असतात. एक, शरीर उठलंय, म्हणजे रिजेक्शन. दोन, जंतू शिरलेत. तीन, लघवीच्या वाटेत कुठं अडलंय. चार, त्या रोजच्याच गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण जास्त झालंय, कारण त्याही जास्त झाल्या तर किडनीला त्रास देतात. पाच, अंगातलं पाणी कमी झालंय. वाट मोकळी आहे, ते सोनोग्राफीत दिसलं. बाकीचं शोधायचंय.

मग त्यांनी त्याला विचारलं. गोळी चुकली होती का? नाही. उलटी, जुलाब? नाही. ताप? नाही. ह्या सोडून दुसरं काही औषध घेतलंस? कुणी काढा दिला, कुणी काही दुखण्याबिखण्याचं दिलं?

तो म्हणाला, "न्हाई म्याडम. तुमच्याशिवाय दुसरं औषध म्या हातात बी घेत नाय."

मीही मान हलवली. मी तर शपथ घेतली असती.

मग बाई म्हणाल्या, मला रिजेक्शनची जास्त भीती वाटते. उद्या सकाळी बायोप्सी करू. म्हणजे सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढायचा आणि तपासायचा. सुईनं कधी रक्तस्राव होतो, त्यामुळे सही लागेल. तुकड्यात तसं दिसलं तर मोठी इंजेक्शनं सुरू करू, त्यानं शरीराचा पहारा आणखी ढिला होईल, जंतूंचा धोका वाढेल, पण किडनी वाचवायला ते करावं लागेल. सुनेनं सही केली. मी तिच्या शेजारी माझ्या डाव्या बरगडीखालच्या वणाला हात लावून उभी होते. उद्या सुई त्याच्या पोटात जाणार, पण ती माझ्याच कुशीत टोचणार असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डाच्या बाहेर बाकावर मी बसले होते. आत त्याला तयार करत होते. आदल्या दिवसाचा गाडीतला प्रवास, मग रात्री फरशीवर पडलेली, माझी कंबर अशी धरली होती की सरळ बसवेना. तात्या बाहेरून चहा घेऊन आले. माझं तोंड बघून म्हणाले, कंबर का? मी म्हटलं, व्हय, चालायचंच. त्यांनी चहा बाकावर ठेवला, बंडीच्या खिशात हात घातला, तंबाखू बाजूला केली आणि एक पांढरं पाकीट काढून त्यातली गोळी माझ्या तळहातावर ठेवली.

"घ्या वैनी. चहासंगं टाका. पाच मिन्टात कंबर मोकळी."

मी गोळी परत केली. म्हटलं, "मला चालत न्हाई भाऊजी. एका किडनीला दुखण्याची गोळी वर्ज असती."

तात्या म्हणाले, "त्येला चालली, तुमाला का नाय चालायची?"

ते अगदी सहज म्हणाले. त्यांच्या बोलण्यात काही नव्हतं. चहा गार होतोय म्हणावं तसं म्हणाले.

मी विचारलं, कुणाला?

मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांना काही चुकतंय असं वाटतच नव्हतं. पडकईत दिवसभर पहार मारून लोकांचं अंग मोडतं. म्हणून संध्याकाळी काम सुटलं की तात्या सगळ्यांना एकेक अंगाची गोळी देतात. किराणा दुकानात मिळते, शेंगदाणे-गूळ मिळावा तशी. रानातल्या चहाबरोबर. कितीतरी वर्षांची रीत आहे ती. तंबाखूची चिमूट जशी हातोहात फिरते तशी ती गोळी फिरते. माझ्या लेकानंही घेतली. एक दिवस नाही, जितके दिवस काम चाललं तितके दिवस. कधी दोन, कारण त्याचं अंग जास्त दुखत होतं. आणि अंग का दुखत होतं, तर सून जेवण देऊन गेली की तो उठायचा आणि दगड उचलायचा. तात्यांनी दोनदा बसवलं, तिसऱ्यांदा नाही बसवलं. म्हणाले, "पोरगं म्हणालं, तात्या, माज्या रानात माजा एक तरी हात लागू द्या. म्या काय म्हणनार, वैनी?"

मी उठले. कंबर कुठं गेली ते कळलं नाही. आत पडदा ओढला होता, तो सरकवून मी त्याच्या उशाशी गेले. नर्सबाई रागावल्या, बाहेर थांबा म्हणाल्या. मी त्याला विचारलं, "तात्याची गोळी घेतलीस?"

तो म्हणाला, "अंगाची? व्हय."

"मग काल म्याडमला न्हाई का म्हणालास?"

 खरंच त्याला कळत नव्हतं. म्हणाला, "आई, ती काय औषध हाय का? ती तर सगळीच घेत्यात."

सांगते, मला तेव्हा राग आला नाही. कारण त्याच्या जागी मी असते तरी तेच म्हणाले असते. औषध म्हणजे काय? जे दवाखान्यातून येतं, ज्याच्यासाठी गजर लावतात, जे डब्यात सकाळ-संध्याकाळच्या खणात ठेवतात. खिशातून तंबाखूबरोबर निघतं ते कसलं औषध. त्याला दुखण्याच्या गोळ्या नको म्हणून सांगितलं होतं, ते त्याला पाठ होतं. विचारलं असतं तर घडाघडा म्हणून दाखवलं असतं. पण ती रानातली गोळी आणि ही कागदावरची गोळी त्याच्या डोक्यात दोन वेगळ्या घरात राहात होत्या, त्यांची कधी गाठच पडली नव्हती.

डॉक्टरीणबाईंना मी तात्यांचं पाकीट नेऊन दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून वाचलं. रागावल्या नाहीत. नुसतं विचारलं, किती दिवस, रोज किती, आणि उन्हात पाणी किती प्यायला? पाण्याचं उत्तर लेकानं दिलं. उकळलेल्या पाण्याची बाटली सकाळी नेलेली दुपारपर्यंत संपायची, आणि ओढ्यावरच्या घागरीतलं प्यायचं नाही म्हणून तो नंतर तसाच राहायचा. म्हणजे बघा. एक नियम पाळायला तो तहानलेला राहिला, आणि दुसरा त्याला नियम वाटलाच नाही. तहानलेली किडनी, वरून ती गोळी, आणि रोजच्या गोळ्यांचं ओझं तर होतंच.

मी विचारलं, आता सुई नको ना?

त्या म्हणाल्या, "मावशी, सुई लागणारच. त्या गोळीनं झालं असेल, पण त्याच्या आडून रिजेक्शनही चालू असलं तर? मी अंदाजावर तुमची किडनी सोडणार नाही. पण आता मला कळलं, कुठं बघायचं. मोठी इंजेक्शनं तुकड्याचा रिपोर्ट येईपर्यंत थांबवू शकते."

सुई झाली. त्यानंतर त्याला हलायचं नव्हतं, उताणं पडून राहायचं. पहिली लघवी लालसर आली तेव्हा सुनेनं माझा दंड एवढा आवळला की वळ उठले. नर्सबाई म्हणाल्या, थोडी येते. दुसरी त्याहून फिकट. तिसरी पिवळी. मी आयुष्यात कधी कुणाच्या लघवीकडं एवढ्या आशेनं बघितलं नव्हतं, आणि बघायला लागेल असं कुणी सांगितलं असतं तर हसले असते.

रिपोर्ट यायला वेळ लागला. मधल्या वेळात सलाईन, रोज रक्त. आकडा आणखी चढला. मग एक दिवस तिथंच थांबला. बाई आल्या की त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न मी करायची, पण त्या चेहऱ्यावर काही येऊ देत नाहीत.

तात्या त्या दिवसांत वर वॉर्डात आलेच नाहीत. खाली झाडाच्या पारावर बसून राहायचे. मी डबा घेऊन गेले तर मान वर करेनात. शेवटी म्हणाले, "वैनी, म्या माज्या हातानं दिली." मी डबा त्यांच्या पुढ्यात सरकवला.  मग म्हटलं, "भाऊजी, तुमी कंबरंची गोळी मला दिली नसती, तर हे आजून कुणाला कळलं नसतं. आता जेवा." ते जेवले नाहीत, पण डबा ठेवून घेतला.

तुकड्याचा रिपोर्ट आला तो असा. शरीर उठलं नव्हतं. किडनीतल्या बारीक नळ्या त्या गोळीनं आणि तहानेनं दुखावल्या होत्या. बाई म्हणाल्या, यातून ती वर येते बहुतेक वेळा, पण किती वर येईल ते मी आत्ता सांगणार नाही. मी म्हटलं, नका सांगू. थांबून बघू.

थांबून बघितलं. लघवी वाढली. पाय उतरले. अंगठी सैल झाली. आकडा उतरायला लागला, उतरता उतरता एका जागी येऊन बसला. पूर्वी दीडाच्या आत असायचा, आता दीडाच्या वर राहतो. पहिल्यासारखा झाला नाही. दावणीची नवी गाय वाचली, पण एका पायानं अधू झाली असं समजा. बाई म्हणाल्या, हिला आता जपून वापरायचं. म्हणजे नवं काही नाही, जे आधी सांगितलं होतं तेच, पण आता त्याला त्याच्या पायातल्या खड्ड्याची आठवण जोडली गेली आहे.

घरी आल्यावर एक काम केलं. घरातलं, दुकानातलं, खिशातलं, जे जे तोंडात जातं, अंगाला लागतं ते सगळं औषधच धरायचं असं ठरवलं. सर्दीचा वाफारा, तात्यांच्या बायकोचा, म्हणजे माझ्या जाऊबाईंचा हिरडा, पोटाचं चूर्ण, डोकेदुखीचं मलमसुद्धा. आधी पुण्याला फोन, मग हातात. हिरड्याला पण का, आमच्या डोंगरातला हिरडा आहे, असं जाऊबाई रुसून म्हणाल्या. मी म्हटलं, डोंगराला किडनी न्हाई, त्येला चालतोय.

पण एक गोष्ट सुटत नव्हती. लेक घरी बरा झाला तरी मान खाली घालून असायचा. सगळ्या घरांचे हात आमच्या रानात लागले होते, आणि पुढच्या वर्षी ते परत द्यायचे होते. मला माहीत होतं, याच्या मनात तेच आहे. आणि मला भीती होती ती पुन्हा त्याचीच. सूज कळते, बीपी कळतं, पण माणसाच्या मनात काय दगड उचलायचं चाललंय ते कुठल्या मशीनवर दिसतं?

पुढच्या उन्हाळ्यात पडकई तात्यांच्याच रानात होती. आदल्या दिवशी सगळे पारावर जमले आणि कुणाच्या घरातून किती हात ते धरायला लागले. आमची पाळी आली. सुनेचा एक हात झाला. लेक काही बोलायच्या आत तात्या म्हणाले, "आन पाण्याचा एक. उन्हात पाणी कोण देतंय? इकडं निम्मी माणसं तहानंनंच दुखनं काढत्यात. पाणी देनारा बी एक हात धरायचा." कुणीतरी म्हणालं, पाणी तर प्वारं देत्यात. तात्या म्हणाले, "प्वारं खेळत्यात. ह्यो मोजून पाजंल." आणि बाकी कुणी काही बोललं नाही. पडकईत कुणी बोललं नाही की ते धरलं जातं.

मी त्या दिवशी जाऊबाईंनी केलेलं जेवण घेऊन स्वतः गेले. कंबर म्हणत होती नको, तरी गेले. लेक झाडाखाली दोन कळश्या घेऊन उभा. एक लोकांची, एक त्याची, त्याच्या कळशीला लाल फडकं बांधलेलं. मास्क लावलेला. तो सावली सोडून कुठं जातोय का, ते मी नजर न दाखवता बघत होते. नाही गेला. दहाचा गजर मी पोचेपर्यंत होऊन गेला होता, पण संध्याकाळचं काम मी बघितलं. सुटी झाली, सगळे धुळीनं भरलेले येऊन बसले. लेक आधी स्वतः तांब्याभर प्यायला, मग त्यानं एकेकाला वाढलं. तात्यांचा हात सवयीनं बंडीच्या खिशाकडं गेला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग लेकाकडं. हात तसाच बाहेर आला, त्यात नुसती तंबाखू.

गुडघे मात्र त्यांचे त्या दिवशी लई दुखले, असं जाऊबाई दुसऱ्या दिवशी सांगत होत्या. तेल चोळून घेतलं म्हणे, आणि चोळताना माझ्या नावानं काय काय म्हणाले.

म्हणोत. मी सकाळी उठते ती आधी कान देऊन. न्हाणीचं दार वाजतं, मग भांड्यात धार पडल्याचा आवाज येतो, चांगला लांबपर्यंत. तो ऐकू येईपर्यंत मी चुलीत काडी घालत नाही.